कोल्हापूरची लेमी कम्युनिटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवीन येणारे तेच प्रश्न विचारतात, आणि जुन्या सभासदांनाही मधूनमधून तेच पडतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. आधी वापराचे प्रश्न आहेत, मग मॉडरेशनचे. सगळं वाचायला वेळ नसेल तर फुटबॉल आणि पूर हे दोन तेवढे वाचाच. आम्हाला सगळ्यात जास्त पोस्टी तिथेच काढाव्या लागतात.

लेमी म्हणजे काय? फेसबुकच्या ग्रुपपेक्षा त्यात वेगळं काय?

फेसबुकचा ग्रुप एका कंपनीच्या जागेत असतो आणि जागामालक म्हणेल तसं वागावं लागतं. लेमी हे चर्चेचे गट चालवण्यासाठी २०१९ मध्ये सुरू झालेलं मुक्त सॉफ्टवेअर आहे. अशा प्रत्येक गटाला कम्युनिटी म्हणतात. ते कुणालाही स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं, आणि असे शेकडो सर्व्हर ॲक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलने, म्हणजे सर्व्हरनी आपसात बोलायच्या ठरलेल्या पद्धतीने, एकमेकांशी जोडलेले असतात. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जानेवारी २०१८ मध्ये हा प्रोटोकॉल मानक म्हणून मान्य केला. ट्विटरसारखं असलेलं मॅस्टोडॉनही त्यावरच चालतं. २०२३ मध्ये रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळाने त्याच्याशी जोडणाऱ्या बाहेरच्या ॲपना जबर दर लावले, तेव्हा तिथले बरेच लोक लेमीकडे आले आणि ते नाव सगळीकडे पोचलं.

आपल्याकडच्या तालमींसारखंच आहे हे: प्रत्येक तालमीची इमारत वेगळी, वस्ताद वेगळा, शिस्त वेगळी, पण सामना सगळ्यांचा एकाच मैदानावर. तुमचं खातं एका सर्व्हरवर, आमची कम्युनिटी दुसऱ्या सर्व्हरवर, तरी तुम्ही इथे पोस्ट टाकू शकता, कमेंट करू शकता, मत देऊ शकता.

खातं कुठल्या सर्व्हरवर उघडू?

आमच्याच सर्व्हरवर उघडलं पाहिजे असं अजिबात नाही. सर्व्हर निवडताना तीन गोष्टी बघा. नियम वाचता येतील असे लिहिलेत का, चालवणारे किती जण आहेत, आणि खर्च कशातून भागतो. एकटाच माणूस स्वतःच्या खिशातून चालवत असेल तर तो दमणार, हे धरून चाला. जर्मन भाषकांचा मोठा सर्व्हर फेडिट डॉट डीई २०२४ मध्ये कोलमडला आणि त्यांना नवा उभा करावा लागला. लेम डॉट ईई हा चांगला चाललेला सर्व्हर जून २०२५ अखेर बंद झाला. काम पेलवेनासं झालं आहे, हे चालवणाऱ्यांनी स्वतःच सांगून टाकलं होतं. लोकांना त्यांनी आधी कळवलं, ही मोठी गोष्ट.

सेटिंगमध्ये एक्स्पोर्टची सोय आहे. तुम्ही जोडलेल्या कम्युनिटी, ब्लॉक केलेली माणसं आणि सेटिंग एका फाइलमध्ये उतरवून घेता येतात आणि नव्या खात्यात चढवता येतात. जुन्या पोस्टी आणि नाव मात्र सोबत येत नाही. ती फाइल आजच काढून ठेवा. सर्व्हर बंद पडल्यावर ती काढता येत नाही.

माझ्या सर्व्हरवर कम्युनिटी शोधली, पण सापडत नाही. सापडली तर रिकामी दिसते.

तुमच्या सर्व्हरवरून याआधी कुणीच ती जोडलेली नसेल तर तुमच्या सर्व्हरला ती माहीतच नसते. शोधाच्या चौकटीत पूर्ण पत्ता टाका: आधी उद्गारचिन्ह, मग कम्युनिटीचं नाव, मग ॲटचं चिन्ह, मग सर्व्हरचं नाव. थोडा दम धरून पुन्हा शोधा. पहिल्यांदा अलीकडच्या थोड्याच पोस्टी येतील. त्याखालच्या जुन्या कमेंट आल्या नाहीत तर घाबरू नका. सबस्क्राइब केल्यापासूनचं नवं सगळं येत राहील. जुनं वाचायचं असेल तर थेट कम्युनिटीच्या घरच्या सर्व्हरवर जाऊन वाचा. त्यासाठी लॉगिनची गरज नाही.

मराठी पोस्टी दिसत नाहीत, फक्त इंग्रजी दिसतात.

खात्याच्या सेटिंगमध्ये भाषांची यादी असते. तिच्यात मराठी निवडा, आणि भाषा न ठरवलेल्या पोस्टींचा जो पर्याय असतो तोही निवडलेला ठेवा, कारण निम्मे लोक भाषा नोंदवायची विसरतात. पोस्ट टाकताना तुम्ही मात्र विसरू नका. मराठी असं नोंदवलेली पोस्ट दुसऱ्या सर्व्हरवरच्या मराठी वाचकाला सापडते. कोल्हापूर सोडून पुण्यात किंवा परदेशात असलेले आपले बरेच लोक असेच येतात.

मॅस्टोडॉनवरून लिहिता येतं का?

येतं. पोस्टमध्ये कम्युनिटीचा पत्ता नमूद केला की ती इथे येते, आणि तिची पहिली ओळ मथळा बनते. म्हणून पहिल्या ओळीत विषय लिहा. नमस्कार नंतर करा. तिकडून लिहिलं तरी इथले नियम लागू असतात.

मॉडरेटर आणि ॲडमिन यांत फरक काय?

ॲडमिन सर्व्हर चालवतो. सर्व्हरवर कोण राहील, कुठल्या दुसऱ्या सर्व्हरशी संबंध ठेवायचे, हे तो ठरवतो. मॉडरेटरचा अधिकार एका कम्युनिटीपुरता. आम्ही पोस्ट किंवा कमेंट काढू शकतो, पोस्टला कुलूप लावू शकतो म्हणजे पुढच्या कमेंट बंद, एखादी पोस्ट वर टाचून ठेवू शकतो, आणि एखाद्याला या कम्युनिटीतून ठरावीक दिवसांसाठी किंवा कायमचं बॅन करू शकतो. त्याचं खातं आम्हाला बंद करता येत नाही. दुसऱ्या कम्युनिटीत तो काय लिहितो, त्यालाही आम्ही हात लावू शकत नाही.

अनेकांना हे अपुरं वाटतं. "त्याला लेमीवरूनच उडवा" असा आग्रह दर महिन्याला कुणीतरी धरतं. आमच्या मते आहे ते बरोबर आहे. एका कम्युनिटीत दहा जणांनी आवाज चढवला म्हणून एखाद्याचं सगळीकडचं बोलणं बंद व्हावं, एवढी ताकद कुठल्याही मॉडच्या हातात नको.

आणखी एक गोष्ट समजून घ्या. आम्ही इथे काढलेली कमेंट जोडलेल्या इतर सर्व्हरवरूनही निघते, कारण कम्युनिटीचं घर इथे आहे. दुसऱ्या सर्व्हरच्या ॲडमिनने आमच्याकडची एखादी कमेंट काढली, तर ती फक्त त्यांच्या वाचकांना दिसेनाशी होते. तुम्हाला दिसते आणि तुमच्या मित्राला दिसत नाही, असं झालं तर बहुधा कारण हेच असतं.

शिवी दिली की बॅन होतो का?

नुसत्या शिवीवरून आम्ही कुणाला काढत नाही. कोल्हापुरात दोस्ताला नुसती हाक मारतानाही दोन शब्द जास्तीचे जातात. मिसळीच्या दुकानांवरून वाद घालताना माणूस ज्या आवाजात बोलतो, तो बाहेरच्याला भांडण वाटतो. यंत्राने भाषांतर करून वाचणाऱ्या परदेशी ॲडमिनला तर त्यातलं काहीच कळणार नाही. या कम्युनिटीला इथली बोली कानावर पडलेले मॉड हवेत असा आमचा हट्ट आहे, तो त्यासाठीच.

आम्ही बघतो ते वेगळंच. समोरचा ओळखीचा आहे का, तो हसून उत्तर देतोय की गप्प झालाय? शब्द त्याच्या मतावर आहेत की त्याच्या आईबहिणीवर, जातीवर, धर्मावर, कामधंद्यावर? बाईने पोस्ट टाकली की खालच्या कमेंटचा सूर बदलतो का? हा शेवटचा प्रश्न आम्ही फार गांभीर्याने घेतो. खड्ड्याबद्दल पुरुषाने लिहिलं तर चर्चा खड्ड्याची होते, तेच बाईने लिहिलं तर तिच्या फोटोची. अशी कमेंट पहिल्याच वेळी निघते. "गंमत होती" हे उत्तर चालत नाही.

समोरचा गप्प झाला असेल आणि तरी तुम्ही लिहीत राहिलात, तर आधी समज, मग तीन दिवस, मग तीस दिवस. कायमचा बॅन क्वचितच.

फुटबॉलच्या हंगामात नियम वेगळे का असतात?

कारण हंगामात गाव वेगळं असतं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार, शिवाजी तरुण आणि खंडोबा, बालगोपाल आणि प्रॅक्टिस असे सामने लागले की पेठाच्या पेठा मैदानात उतरतात. एवढं प्रेम देशी फुटबॉलला फार थोड्या शहरांत मिळतं, आणि ते इथे उतरावं असं आम्हाला मनापासून वाटतं. म्हणून प्रत्येक सामन्याचा एकच धागा आम्ही आधी उघडतो आणि वर टाचतो. त्या धाग्यात डिवचणं, घोषणा, पंचांच्या निर्णयावर रडणं, सगळं चालतं. धाग्याबाहेर टाकलेली सामन्याची पोस्ट निघते, मग ती कुणाच्याही बाजूची असो.

तीन गोष्टी धाग्यातही चालत नाहीत. खेळाडूच्या घरच्यांवर लिहायचं नाही. पंचाचा नंबर किंवा पत्ता टाकायचा नाही. आणि सामन्यानंतर "अमुक चौकात या" असं बोलावणं करायचं नाही. तिसऱ्याबद्दल ताकीद मिळत नाही, थेट हंगाम संपेपर्यंत बॅन. मैदानावरची हाणामारी पेठेत पोचायला पूर्वी तास लागायचा, आता फोनवर क्षणात पोचते. त्या साखळीतली एक कडी आम्हाला इथे तोडता येते, तेवढी आम्ही तोडतो.

मॉडनी आपण कुठल्या संघाचे हे आपल्या प्रोफाइलवर लिहिलेलं आहे. ज्या सामन्यात ज्याचा संघ खेळतो, त्या धाग्यात त्या दिवशी तो मॉड काहीही काढत नाही. रिपोर्ट दुसरा बघतो. पक्षपाताचा संशय वाटला तर पुरावा द्या, आम्ही ऐकू.

पूर आला की काय पोस्ट करायचं, काय नाही?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेलं. पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, चिखली-आंबेवाडीकरांना घरं सोडावी लागली, शिरोळ तालुक्यात गावंच्या गावं पाण्यात होती. त्या दिवसांत ज्याच्या हातात फोन होता तो माहिती पाठवत होता. त्यातली बरीच खरी होती, आणि बरीच खरी असली तरी सहा तास शिळी होती. पुरात शिळी माहिती खोट्याइतकीच घातक असते.

लेमीवर ही अडचण वाढते. तुमची पोस्ट दुसऱ्या सर्व्हरवर पोचायला कधी क्षण लागतो, तर सर्व्हरवर ताण असेल तर कितीतरी जास्त वेळ. तुम्ही दुरुस्ती केली तरी तिकडच्या वाचकासमोर जुनीच प्रत असू शकते. म्हणून पुराच्या काळात नियम कडक आहेत.

मथळ्यातच ठिकाण, तारीख आणि वेळ लिहा. "पाणी वाढतंय" एवढंच लिहिलेली पोस्ट निघेल. पातळी लिहिताना कुठल्या बंधाऱ्यावरची हे लिहा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी आहे. दुसऱ्या ठिकाणचा आकडा त्यांच्याशी ताडून पाहिला तर लोक उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त राहतात. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात. तेव्हा "धरण सोडलं" असं लिहू नका, किती दरवाजे उघडले ते लिहा. फोटो स्वतः काढलेला असेल तरच टाका. २०१९ चे फोटो दर पावसाळ्यात नवे म्हणून फिरतात, आणि ते ओळखणारे सभासद इथे आहेत. अलमट्टीच्या पाण्यावरून राजकीय वाद घालायला वर्षाचे बाकीचे महिने मोकळे आहेत.

मदत हवी असेल तर आधी जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला १०७७ वर किंवा ११२ वर फोन करा, मग इथे लिहा. इथे लिहिलं म्हणजे बोट निघाली असं समजू नका. अडकलेल्या माणसाचा फोन नंबर उघड्या पोस्टमध्ये टाकू नका. शंभर जणांचे फोन येऊन त्याची बॅटरी संपते.

धार्मिक विषयावर लिहायचंच नाही का?

लिहा की. हे शाहू महाराजांचं गाव आहे, इथे सगळ्यांनी सगळ्यांबद्दल बोललं पाहिजे. एक गोष्ट मात्र अजिबात चालत नाही: कुणाचं तरी आक्षेपार्ह स्टेटस, पोस्ट किंवा फोटो "बघा, निषेध करा" म्हणून इथे आणून टाकणं. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. काही जणांच्या स्टेटसवरून बंद, दगडफेक, लाठीमार झाला आणि जिल्ह्याचं इंटरनेट बंद करावं लागलं. ज्यांनी ते स्टेटस कधी पाहिलं नसतं, त्यांच्यापर्यंत ते निषेध करणाऱ्यांच्या हातूनच पोचलं.

म्हणून असा स्क्रीनशॉट आला की तो ज्या भावनेने टाकला असेल तिचा विचार न करता आम्ही काढतो. तक्रार असेल तर पोलिसांकडे करा. घटनेची बातमी मान्य दैनिकाच्या दुव्यासह टाकता येते. तिच्याखाली वातावरण तापलं तर आम्ही कुलूप लावतो, आणि सकाळी सगळे शांत झाल्यावर उघडायचा विचार करतो.

माझी पोस्ट काढली गेली. कुणी काढली, का काढली?

पोस्ट काढली गेल्याचं लेमी तुम्हाला आपणहून कळवत नाही. ही त्याची मोठी उणीव आहे, म्हणून आमचा नियम असा की काढणाऱ्या मॉडने संदेश पाठवायचा. तो आला नसेल तर मॉडलॉग बघा. मॉडने केलेली प्रत्येक कृती तिथे नोंदलेली असते, आणि ती कुणालाही वाचता येते, खातं नसलं तरी. काही सर्व्हर मॉडचं नाव लपवतात, म्हणून आम्ही कारणाच्या शेवटी आपलं सदस्यनाव लिहितो. "नियम ३" एवढंच कारण आम्ही मानत नाही. काय खटकलं ते एका वाक्यात लिहिलेलं असलं पाहिजे.

पटलं नाही तर त्याच मॉडला नव्हे, दुसऱ्याला लिहा. फेरविचार नेहमी दुसरा मॉड करतो.

मी डिलीट केलं म्हणजे सगळीकडून गेलं ना?

तसं धरू नका. डिलीटचा संदेश सगळ्या जोडलेल्या सर्व्हरना जातो आणि बहुतेक तो पाळतात. पण एखादा तेव्हा बंद असेल, किंवा त्याचं सॉफ्टवेअर वेगळं असेल, तर प्रत राहू शकते.

पुढचं विशेषतः मॉडनी लक्षात ठेवावं. आम्ही काढलेल्या कमेंटचा मजकूर मॉडलॉगमध्ये वाचता येतो. शिवीगाळ असेल तर एक वेळ ठीक, पण कुणाचा फोन नंबर, घरचा पत्ता किंवा मुलीचा फोटो असेल तर काढणं पुरत नाही. ॲडमिनला सांगून तो मजकूर पर्ज करून घ्यावा लागतो, म्हणजे डेटाबेसमधूनच पुसावा लागतो. आणि दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतींची हमी तोही देऊ शकत नाही.

अपव्होट-डाउनव्होटही गुप्त नसतात. कुणी कसं मत दिलं ते सर्व्हरच्या ॲडमिनना दिसू शकतं. खासगी संदेश एन्क्रिप्ट केलेले नसतात, त्यामुळे बँकेचे तपशील, आधार, पासवर्ड तिथे कधीही लिहू नका.

बाहेरच्या सर्व्हरवरून लोक येऊन गोंधळ घालतात. त्यांना बंदच का करत नाही?

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या कोल्हापुरी चपलेसारख्या पायताणांवरून गदारोळ झाला, तसा विषय निघाला की जगभरातून लोक येणारच. ते येतात म्हणून तर आपण इथे आहोत. त्यातले काही आपल्यापेक्षा जास्त जाणतात. कोल्हापुरी चपलेचं २०१९ चं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे. बेळगावच्या माणसाने "आमचेही कारागीर यात आहेत" असं लिहिलं, की त्याला परका ठरवून सीमाप्रश्न काढणारे आमच्या मते चर्चा बिघडवतात. बेळगावचा तो माणूस चर्चा बिघडवत नाही.

खरोखर त्रास देणाऱ्या माणसाला आम्ही कम्युनिटीतून बॅन करतो, त्याचं खातं कुठेही असो. तुम्हाला स्वतःला एखादा माणूस नको असेल तर ब्लॉक करा. एखाद्या सर्व्हरवरच्या कम्युनिटीच नको असतील तर सेटिंगमधून तो अख्खा सर्व्हर ब्लॉक करता येतो. पूर्ण संबंध तोडणं हे ॲडमिनचं काम आहे आणि शेवटचा उपाय आहे. जून २०२३ मध्ये बीहॉ या सर्व्हरने दोन मोठ्या सर्व्हरशी संबंध तोडले, कारण तिथून अचानक आलेली गर्दी त्यांच्या मोजक्या मॉडना आवरेना. त्यांचा नाइलाज होता, पण दोन्हीकडच्या निरुपद्रवी लोकांच्या गप्पा एका दिवसात तुटल्या.

माझ्या गुळाची, चपलांची, खानावळीची जाहिरात करू का?

रविवारच्या धाग्यात, आठवड्यातून एकदा, स्वतःच्या धंद्याची. किंमत आणि ठिकाण लिहा. उसन्या खात्यांवरून स्वतःचंच कौतुक केलं तर दोन्ही खाती जातील.

कायद्याचं काय?

माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षा सांगणारं कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं, त्यामुळे त्याची धमकी कुणी दिली तर घाबरू नका. त्याच कायद्याचं कलम ७९ सर्व्हर चालवणाऱ्याला, इतरांनी लिहिलेल्या मजकुराच्या जबाबदारीपासून, अटींसह संरक्षण देतं, आणि २०२१ च्या नियमांनुसार तक्रार ऐकणारा अधिकारी नेमावा लागतो. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाचं काहीही दिसलं तर स्क्रीनशॉट काढू नका, उतरवू नका, कुणाला पाठवू नका. रिपोर्ट दाबा, ॲडमिनला कळवा, आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा.

मला मॉडरेटर व्हायचंय. काय करू?

आधी काही महिने इथे वावरा, आणि रिपोर्टचं बटण विचारपूर्वक वापरा. आमच्याकडे येणाऱ्या रिपोर्टवरूनच माणसाची पारख होते. "हा मूर्ख आहे" असं कारण लिहिणाऱ्याला आम्ही विचारत नाही. "पत्ता उघड केला आहे, लवकर बघा" असं लिहिणाऱ्याला विचारतो.

मॉडच्या यादीला क्रम असतो. वरचा मॉड खालच्याला काढू शकतो, खालचा वरच्याला नाही. म्हणून सगळ्यात वरचं नाव गायब झालं तर कम्युनिटी अडकते, आणि ॲडमिनकडे जावं लागतं. वरच्या दोघांनी महिनाभर लॉगिन केलं नाही तर यादी बदलायची, असं आम्ही लिहून ठेवलं आहे. सध्या आम्हाला रात्री जागणारा एक मॉड हवा आहे, पावसाळ्यात विशेष. महिला मॉड कमी आहेत, त्याही हव्या आहेत. खातं दुसऱ्या सर्व्हरवर असलं तरी चालतं, मात्र रिपोर्ट वेळेवर दिसावेत म्हणून कम्युनिटीच्या घरच्या सर्व्हरवर एक खातं काढून ठेवावं लागेल. बाजूच्या पट्टीतल्या कुठल्याही मॉडला संदेश पाठवा, आणि तुम्ही काढली असती अशी एक पोस्ट व तुम्ही ठेवली असती अशी एक पोस्ट, कारणासह लिहा.